कौशल्यामावशींचं मशीन

वॉशिंग मशीन का हलतं, हा प्रश्न मला लोकांनी लग्नाच्या पंगतीत विचारला आहे, मयताच्या घरी ओट्यावर बसलेलो असताना विचारला आहे. एकदा मी स्वतः सलाईन लावून पडलो होतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसानंही विचारला. मी मिस्त्री आहे हे त्याला नर्सकडून कळलं होतं. त्यालाही मी उत्तर दिलं. आता दुकान बंद केलं आहे, हात थरथरतात, बारीक स्क्रू धरता येत नाही. तरी प्रश्न थांबलेला नाही.

कारणं तशी मोजकीच. मशीन ठेवलं ती जमीन सपाट नसते किंवा घट्ट नसते. नाहीतर आतला टब ज्या स्प्रिंगांवर टेकलेला असतो त्यांतली एखादी गंजून तुटलेली असते. नाहीतर कपडे कसेही कोंबलेले असतात. एवढं बघितलं की बहुतेक घरांत मिस्त्रीला बोलवायची गरज पडत नाही. हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगत आलो, आणि माझी बायको म्हणते तसं, स्वतःच्या धंद्यावर स्वतःच पाणी ओतत आलो.

मी मूळचा लूमवरचा जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो लावून देणारा माणूस. बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत दिवसभर लूमची खडखड चालायची आणि भिंतीवरच्या तसबिरी सतत बारीक हलत असायच्या. मग देशात बाहेरचा माल येऊ लागला, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि आमच्याकडचे लूम एकेक करून गप्प झाले. ज्या बाजारात सुताचे गठ्ठे उतरायचे तिथंच खोक्यांतून टीव्ही, मिक्सर आणि वॉशिंग मशीन उतरू लागली. मी इंदूरला एका ओळखीच्या दुकानात राहून नवं काम शिकलो आणि परत येऊन बुऱ्हाणपुरातच शनवारा भागात एक गाळा घेतला.

तेव्हाची मशीन म्हणजे दोन भांड्यांची. एकात कपडे धुवायचे, मग ओले उचलून शेजारच्या भांड्यात टाकायचे. ते भांडं जोरात फिरून पाणी काढून टाकतं. त्याला सगळे ड्रायर म्हणतात. हलण्याची सगळी गंमत त्या ड्रायरमध्ये. एका घरी आजोबांनी मशीन जागचं हलू नये म्हणून त्याच्यावर गव्हाचं पोतं ठेवलं होतं. दुसऱ्या घरी ते गाईच्या दाव्यानं खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं. "सोडलं की दारापर्यंत येते हो," घरमालक मला म्हणाले. आवाज असा, की मशीन ऐकेल म्हणून हळू बोलत असावेत.

आज लिहायचं आहे ते मात्र कौशल्यामावशींच्या मशीनबद्दल.

मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते शनवाऱ्यात एका कापडवाल्या शेठजींच्या घरी. मी तिथं नवं मशीन बसवत होतो. मागच्या अंगणातून एक उंच, सडपातळ बाई आत आल्या. पन्नाशीच्या आसपास असतील. खांद्यावर मोठं फडकं होतं, कपडे बांधून न्यायचं. त्या परीट. त्यांचे सासरे, मग नवरा आणि त्या असे पिढ्यांपासून या घरचे कपडे तापीच्या राजघाटावर नेऊन धूत आले होते.

शेठाणीबाई जरा अवघडून म्हणाल्या, "कौशल्या, आता मशीन आलं आहे. यापुढे घरीच धुऊ म्हणते."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. जवळ येऊन झाकण उचलून आत डोकावल्या.

"भाऊ, कॉलर निघते का यात?"

"घासून टाकली तर निघते, मावशी."

"म्हणजे घासावी तर लागतेच," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. फडकं घडी करून त्यांनी काखेत घेतलं, शेठाणींच्या नातवाच्या गालाला हात लावला आणि आल्या तशा मागच्या दारानं गेल्या.

त्यानंतर त्या मला आणखी दोन-तीन घरी दिसल्या, तशाच. मी पुढच्या दारानं मशीन घेऊन शिरायचो आणि त्या मागच्या दारानं रिकामं फडकं घेऊन बाहेर पडायच्या. मशीन मी विकत नव्हतो, फक्त लावत होतो. मी नसतो तर दुसऱ्या कोणी लावलं असतं. तरी त्या समोर आल्या की मी पान्याशी उगाच चाळा करत बसायचो.

काही वर्षं गेली. एका सकाळी मावशी माझ्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. पाठ थोडी वाकली होती.

"मिस्त्रीभाऊ, माझी मशीन हिलून राह्यली. येता का?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तुमचं मशीन?"

"शेठजीकडची जुनी. त्यांनी नवी आणली ना, आपोआपवाली. ही मागं अंगणात पडून होती पावसात. मी मागून घेतली. हातगाडीवर आणली." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "यांना आवडलं नाही. दोन दिवसांपासून बोलत नाहीत माझ्याशी."

'हे' म्हणजे श्रावणबाबा. त्यांच्या गुडघ्यांना सूज चढायची. सारं आयुष्य तापीच्या पाण्यात मांडीपर्यंत उभं राहून काढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पाण्यात उभं राहायचं नाही. तरी ते पहाटे उठून काठी टेकत घाटावर जायचे. मुलगा सुरतेला मिलमध्ये लागला होता आणि फोनवर एकच म्हणायचा, घर सोडा, इकडे या. बाबा ऐकायलाही तयार नव्हते.

मावशींनी मधला रस्ता शोधला होता. एका लहान दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम त्यांनी बोलून ठेवलं होतं. पलंगावरच्या चादरी, बाळंतिणींची दुपटी, डॉक्टरांचे कोट. रोजच्या रोज लागायचं आणि वेळेवर लागायचं. हातानं, आणि तेही एकटीच्या हातानं, होणारं ते काम नव्हतं.

"उद्या पहिली खेप येते," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर ते दुसऱ्याला देतील. मग सुरतेला जावं लागेल. हे तिथं जगायचे नाहीत, भाऊ."

मी हत्यारांची पिशवी उचलली.

त्यांचं घर राजघाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर. दोन खोल्या, मातीची जमीन, स्वच्छ सारवलेली. मशीन मागच्या खोलीत दोन फळ्यांवर ठेवलं होतं. लाईट गेलेली होती. त्या दिवसांत ती असायची कमी आणि जायची जास्त. येईपर्यंत मी मागचं झाकण उघडून बसलो. ड्रायरची मोटर तीन स्प्रिंगांवर उभी असते. त्यातली एक तुटून खाली पडली होती आणि दुसरी गंजानं खाल्लेली. पावसात पडून दुसरं काय होणार? तिन्ही बदलल्या. लाईट आली. मी ड्रायर सुरू केला आणि मशीन फळ्यांसकट थडथडत भिंतीकडे निघालं. मावशींनी दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलं.

"सोडा, सोडा!" मी ओरडलो आणि बटण बंद केलं.

मावशींनी मशीन कलतं धरलं आणि मी फळी काढून बघितलं. एका पायाखालची माती ओली होऊन खचली होती. नुसती सुकवून चालणार नव्हतं, पाणी पुन्हा सांडणारच. खाली टणक, जड, सपाट असं काहीतरी हवं होतं. सिमेंटचा ओटा घातला असता तर तो पक्का होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि चादरी उद्याच येणार होत्या.

एवढ्यात दारात श्रावणबाबा उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात काठी. त्यांनी उघडं मशीन बघितलं, मला बघितलं.

"तूच ना? शनवाऱ्यात घरोघर हे डबे लावून राह्यला?"

"हो बाबा, मीच."

"आमची शंभर घरं गेली यात." मग ते बायकोकडे वळले. "ज्यानं आपला घास खाल्ला त्यालाच घरात आणून बसवलं तू? काऊन? लोक हसतील आपल्याला. परटाच्या घरात मशीन!"

मावशी अजून मशीन धरून उभ्या होत्या, ते त्यांनी खाली टेकवलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"हसू द्या. रोज संध्याकाळी तुमचे पाय कोण दाबते? मी दाबते. रातभर तुम्ही कण्हता ते लोक ऐकत नाहीत, मी ऐकते. घरं मशीननी खाल्ली असतील. तुमचे गुडघे पाण्यानं खाल्ले. आता काय अख्खे तुम्हीच नदीत जायचे राह्यले का?"

मला कुठं बघावं ते कळेना. एवढी वर्षं लोकांच्या घरात, त्यांच्या मोरीत आणि न्हाणीघरात वावरून मिस्त्रीला एक गोष्ट येते, ती म्हणजे भांडण सुरू झालं की नट-बोल्टकडे मान घालून बसणं. तेच केलं. थोड्या वेळानं वर बघितलं तर बाबा गेले होते. काठीचा आवाज घाटाच्या दिशेनं उतरत गेला.

"उद्या सकाळी येतो," मी मावशींना म्हणालो. "लोखंडी पत्रा मिळतो का बघतो." पत्र्यानं काही होणार नाही हे मला माहीत होतं. पण रिकाम्या हातानं निघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पत्रा सायकलला बांधून मी गेलो तर दारात हातगाडी उभी. तिच्यावर एक भला मोठा काळा दगड होता. उन्हाळा लागत आलेला, नदीचं पाणी उतरलेलं. बाबांनी पहाटेच घाटावरच्या आपल्या ओळखीच्या दोन नावाड्यांना बरोबर घेऊन तो पहारीनं उपटून आणला होता. त्याच्यावर अजून ओली वाळू चिकटलेली होती.

बाबा ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हा चालेल का?"

मला आधी समजलं नाही. मग मी दगडाची वरची बाजू बघितली. मधोमध तो खोलगट झाला होता, हाताचा तळवा ठेवावा असा गुळगुळीत. त्यांचा धुण्याचा दगड होता तो.

"माझ्या बापानं आपटले यावर कपडे. मग मी," बाबा म्हणाले. "वरून घासला आहे. खालून बघ, खालून सपाट आहे. उलटा टाक."

"बाबा, मग तुम्ही घाटावर कशावर..."

"तुला विचारलं तेवढं सांग."

"चालेल," मी म्हणालो. "यापेक्षा चांगलं मिळणार नाही."

मागच्या खोलीतली ओली माती आम्ही उकरून काढली. तळाशी नदीची वाळू घालून ती ठोकून बसवली. मग ते दोन नावाडी धरून आम्ही चौघांनी मिळून दगड आत आणला आणि पालथा टाकला. खोलगट बाजूखाली वाळू नीट भरली पाहिजे, नाहीतर तो डुगडुगतो. ते काम बाबांनी कोणाला करू दिलं नाही. गुडघे दुमडत नव्हते, म्हणून ते जमिनीवर आडवे झाले आणि मुठीमुठीनं वाळू आत सरकवत राहिले. मावशी जवळ बसून त्यांना मूठ भरून देत होत्या. दोघं बोलत नव्हते, पण ती वाळू एका हातातून दुसऱ्या हातात जात होती.

दगडावर मी ताट ठेवून त्यात पाणी ओतलं. पाणी सगळीकडून काठाला सारखं लागलं तर दगड समतोल. एका बाजूला थोडं उतरत होतं. पहारीनं रेटून, वाळू घालून तेही सरळ केलं आणि वर मशीन ठेवलं.

दुपारी चादरी आल्या. धुऊन झाल्यावर मी मावशींना ड्रायर भरायला शिकवू लागलो की एकावर एक गठ्ठा करायचा नाही, कडेनं गोल पसरायच्या. बाबा मागून म्हणाले, "सरका." त्यांनी एकेक ओली चादर उचलली, हातावर तोलली आणि आत अशी लावली की एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी असं काही राहिलंच नाही. ओल्या कपड्याचं वजन त्या हातांना मी काय सांगणार होतो?

मी बटण फिरवलं. भांडं हळूहळू वेग घेऊ लागलं. मावशींनी डोळे मिटून घेतले होते. वेग वाढला, घुमण्याचा आवाज एकसारखा झाला, पाणी नळीतून धो धो बाहेर पडलं. मशीन जागच्या जागी उभं होतं.

मावशींनी डोळे उघडले आणि आधी नवऱ्याकडे बघितलं. बाबा बाहेर गेले.

मी हत्यारं आवरून निघालो तेव्हा ते ओट्यावर नदीकडे तोंड करून बसले होते. मी बाजूला टेकलो. खाली घाटावर दोन-तीन परीट अजून धूत होते. त्यांचे हात वर जाताना दिसायचे आणि आवाज जरा मागाहून ऐकू यायचा.

"माझ्या जागेवर खड्डा पडला आहे," बाबा म्हणाले. "पाणी आलं की भरून जाईल."

मी म्हणालो, "बाबा, लूम बंद झाले तेव्हा मी पण महिनाभर घरात असाच बसून होतो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "जॉबर होता का तू?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलं," ते म्हणाले आणि आत बघून हाक मारली, "चहा ठेव गं, मिस्त्रीला."

पुढे काम चांगलं चाललं. बाबा पाण्यात जाईनासे झाले, पण घाट सुटला नाही. पिळलेल्या चादरी ते राजघाटावर दोरीवर वाळत घालायचे आणि राखण करत बसायचे. मुलगा दिवाळीला आला तो आईबापाला न्यायच्या तयारीनं. जाताना एकटाच गेला. मावशी त्याला पोचवायला स्टेशनवर गेल्या होत्या. परत येताना माझ्या दुकानाशी थांबल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "राहून गेलो आम्ही. चांगलं झालं. पण पोरगं एकटंच गेलं ना, भाऊ."

सगळंच सुरळीत झालं असं नाही. काही वर्षांनी त्या दवाखान्यानं आपलंच मोठं मशीन घेतलं आणि चादरी बंद झाल्या. मी ते ऐकून हळहळलो, तर मावशी मलाच समजावू लागल्या. तोवर त्यांनी जसोंडी गावाकडच्या केळीवाल्यांचे कपडे धुवायला धरले होते. केळीच्या चिकाचा डाग ना आपटून जातो ना मशीननं. "त्यांना माहीत आहे," मावशी म्हणायच्या. "डाग राहू दे, घाम जाऊ दे, एवढंच मागतात बिचारे." वर्षातून एकदा मी जाऊन स्प्रिंगा तपासायचो, रबर बदलायचो. बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे की तुझी गरज नव्हती, चांगलं चालून राह्यलं आहे. आणि प्रत्येक वेळी चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत.

बाबा गेले ते हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. मी तेव्हा मुलीकडे जळगावला होतो. परत आल्यावर कळलं. दिवस होऊन गेले होते, मुलगा सुरतेला परतला होता. मी तसाच भेटायला गेलो.

वाटेवरूनच मला मशीनचा आवाज ऐकू आला. थड, थड, थड. इतक्या वर्षांत त्या घरातून तसा आवाज आला नव्हता. मी चपला काढून घाईनं मागच्या खोलीत गेलो. ड्रायर फिरत होता, मशीन हिसके देत होतं आणि मावशी समोर पाटावर बसून नुसत्या बघत होत्या.

"मावशी, बंद करा आधी! काय टाकलं आहे आत?"

"यांचं धोतर."

"एकटंच?"

"एकटंच."

एकटा भिजलेला कपडा ड्रायरमध्ये टाकला की तो एका बाजूला चिकटून बसतो आणि सगळं मशीन त्या बाजूला ओढतो. समोरून दुसरा एखादा कपडा टाकायचा, की झालं. मावशी इतकी वर्षं मशीन चालवत होत्या. त्यांना हे मी सांगायला हवं होतं असं नाही. तरी मी सवयीनं म्हणालोच, "दुसरं काहीतरी टाका बरोबर, वजनाला."

"माहीत आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचे कपडे पडले आहेत ढीगभर. पण आजच्या दिवस यांच्या कपड्यात दुसऱ्याचा कपडा टाकायला मन होत नाही." मग म्हणाल्या, "नदीवर गोसावी बसतो एक, त्याला द्यायचं आहे. परटाच्या घरातून कपडा मळका कसा द्यायचा?"

मी जवळ गेलो, दोन्ही हात मशीनच्या कोपऱ्यांवर ठेवले आणि जोर देऊन उभा राहिलो. हिसके माझ्या खांद्यांपर्यंत येत होते. मिस्त्रीनं असं कधी करू नये. त्यानं स्प्रिंगा जातात, हे मी सगळ्या गावाला सांगत आलो. पण धरून राहिलो. वेग उतरला, भांडं दोन-चार वेळा सैल फिरलं आणि थांबलं.

मावशी उठल्या. धोतर बाहेर काढून त्यांनी ते झटकलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मागं सरकत सरकत अंगणात गेल्या. मी त्यांच्या मागून चालत बाहेर आलो. धोतर आम्ही ताणून धरलं आणि दोरीवर टाकलं.

मावशींनी एका हातानं डोळ्यांवर सावली धरून माझ्या बाजूकडे बघितलं.

"तिकडून जरा वर घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "मातीला लागून राह्यलं."